मुलांच्या लठ्ठपणावर वस्तीत कार्यक्रम घ्यायचाय. गेल्या वर्षीचा पार फसला, यंदा काय वेगळं करू?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही सातआठ जण मिळून वस्तीतल्या सभागृहात अधूनमधून मुलांसाठी काहीबाही करत असतो. गोष्टींची दुपार, जुन्या पुस्तकांची अदलाबदल, असलं. गेल्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की मुलांमधला लठ्ठपणा वाढतोय, तर पालकांसाठी एक जनजागृतीचा कार्यक्रम घेऊ. हेतू चांगला होता. बाकी सगळं चुकलं.

फलकावर लिहिलं, 'लठ्ठपणा टाळा, मुलं वाचवा'. साठ खुर्च्या मांडल्या. चौदा पालक आले. त्यातल्या नऊ जणांची मुलं काडीसारखी, आणि पहिला प्रश्न काय आला, तर 'आमचा काही खातच नाही हो, वजन वाढायला काय देऊ?' ज्यांच्यासाठी घाट घातला ते फिरकलेच नाहीत. वक्त्यांनी पाऊण तास पडद्यावर आलेख दाखवले. मागच्या रांगेत मुलं मोबाईलवर. विषय होता 'बसून राहू नका' आणि सगळे दोन तास बसून. मध्यंतरात आम्ही बिस्किटं आणि खोक्यातला फळांचा रस वाटला. (हसा, हसा.)

पण धागा काढतेय तो वेगळ्याच कारणासाठी. दाराशी वजनकाटा ठेवला होता. मुलांची रांग, एक स्वयंसेविका आकडा मोठ्याने वाचणार, दुसरी वहीत लिहिणार. रांगेत नऊएक वर्षांची एक मुलगी होती. तिच्यापुढे चार मुलं होती तेव्हा तिने चपला काढल्या. तीन उरली तेव्हा स्वेटर काढून आईच्या हातात दिला. मग केसांतली क्लिप काढली, मुठीत धरली, मुठीतही नको असं वाटलं असावं, वाकून जमिनीवर ठेवली. काट्यावर चढली. आकडा वाचला गेला. मागून कुणी तरी पोरगं 'बाप रे' म्हणालं. हळूच म्हणालं, पण आमच्या सभागृहात सगळं घुमतं. ती उतरली आणि क्लिप न उचलताच निघून गेली. क्लिप अजून आमच्या कपाटात आहे, खडूच्या डब्यात.

यंदा पुन्हा करायचं म्हणताहेत. माझा जीव होत नाही, पण नाही म्हणायलाही कारण हवं. तर सांगा, वजन घ्यावं की नाही? ज्यांनी यावं असं वाटतं ते यावेत म्हणून काय करता येईल? आणि मुळात एका दुपारीने काही फरक पडतो, की आपण आपलंच समाधान करून घेतो? आमच्यात डॉक्टर कुणी नाही. एक निवृत्त शिक्षक, दोन आज्या, बाकी आम्ही नोकरदार.

उंटावरचा_शहाणा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फरक पडत नाही.

कोक्रेनचा (वैद्यकीय प्रयोग गोळा करून तपासणारी संस्था) २०२४ चा आढावा आहे, ५ ते ११ वर्षांच्या मुलांतला लठ्ठपणा रोखायच्या प्रयोगांवर. १७२ अभ्यास गोळा केलेत. खेळ-हालचाल वाढवल्याने आणि त्याला आहाराची जोड दिल्याने बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्यावर, थोडा परिणाम होतो असं निघालं. थोडा म्हणजे अगदी थोडा. आणि त्यातले बरेचसे उपक्रम महिनोन्‌महिने चाललेले, पगारी माणसं लावून केलेले. तुमची आलेखांची पाऊण तासाची दुपार त्यात कुठे बसते?

मुलं जाड होताहेत ती आईबापांना अक्कल नाही म्हणून नव्हे. चौकाचौकात गोड पेय, पडद्यावर त्याची जाहिरात, खेळायला जागा नाही आणि आहे तिथे गाड्या लावलेल्या. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर कर लावला, खरेदी घटली. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखरेच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले. ब्रिटनने साखरेच्या प्रमाणावर कर येणार असं २०१६ मध्ये जाहीर केलं, तो लागू झाला २०१८ मध्ये, आणि मधल्या दोन वर्षांतच कंपन्यांनी आपल्या पेयांतली साखर कमी केली. एकाही आईला सभागृहात बोलावून काही शिकवावं लागलं नाही.

तुम्ही लोकांना खुर्चीत बसवून शिकवता तेव्हा न बोलता काय सांगता? की चूक तुमची आहे. मग येतील कशाला? त्यापेक्षा तोच वेळ खर्चून खेळायची जागा मोकळी करून घ्या.

दोन_पोरांची_आई

अर्धविरामताई, तुम्हाला जी यायला हवी होती आणि आली नाही, ती मी. म्हणजे तुमच्या वस्तीतली नव्हे, पण मीच.

माझा मोठा अंगाने भरलेला आहे, धाकटी बारीक. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर. हे मी किती जणांना सांगितलं असेल. कुणाचा विश्वास बसत नाही, मी मोठ्याला लपवून काही तरी देत असणार अशीच सगळ्यांची नजर. दुकानदार सल्ला देतो. लग्नात न ओळखणाऱ्या बायका सल्ला देतात. मग 'लठ्ठपणा टाळा' असा फलक दिसला की मी पोराचा हात धरून पलीकडच्या फुटपाथने जाते. माझं पोर हे काय न टाळलेलं आहे का?

तो शब्द काढा. वजनकाटा काढा. आणि कार्यक्रमात 'जाड मुलांच्या आया' अशी वेगळी रांग आपोआप पडेल असं काहीही ठेवू नका. काडीसारख्यांच्या आयांनाही तेच ऐकवा जे मला ऐकवायचंय. धाकटीचेही दात किडतातच की.

एवढंच. चिडून लिहिलं असेल तर माफ करा. चिडलेच होते.

मोजपट्टी

मी वीस वर्षं मुलांच्या दवाखान्यात आहार सांगायचं काम केलं, आता घरी आहे. वर आईंनी जे लिहिलंय ते दवाखान्यात कळायला मला पहिली पाच वर्षं लागली. त्यामुळे त्यांच्याच मुद्द्यावरून सुरू करते.

वजन घेऊ नका. लाजेचा भाग तर आहेच, पण त्या आकड्याचा तसा उपयोगही नसतो. मोठ्यांचा बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, साधारण साडेअठरा ते २५ च्या मध्ये असला की ठीक. मुलांचं तसं नाही. वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे रेषा बदलते. बीएमआय २० आला तर मोठ्या माणसाला आपण म्हणू, छान आहे. सात वर्षांच्या मुलाचा २० आला तर तो जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो, कारण त्या वयाच्या मुलग्यांचा मधला आकडाच साडेपंधराच्या आसपास असतो. ५ ते १९ वयाला मधल्या रेषेपासून एक प्रमाण-विचलन (मधल्यापासून किती दूर ते मोजायचं माप, तक्त्यावर त्याच्या रेषा आखलेल्या असतात) वर गेलं की जास्त वजन, दोन वर गेलं की लठ्ठपणा. पाच वर्षांखालच्यांना पुन्हा वेगळा तक्ता, तिथे उंचीच्या मानाने वजन बघतात आणि हद्दी दोन आणि तीन विचलनांच्या. त्यातही एका दिवसाचा ठिपका फार काही बोलत नाही. दरवर्षीचे ठिपके जोडले की मुलाची रेषा कुठे चाललीय ते दिसतं. वयात यायच्या जरा आधी कित्येक मुलं भरतात आणि मग उंची काढतात. हे सगळं दाराशी उभं राहून वही-पेन घेऊन करायचं काम नव्हे. कुणा पालकाला काळजी वाटत असेल तर त्याने मुलाच्या डॉक्टरकडे जाऊन वाढीचा तक्ता भरून घ्यावा, इतकं सांगितलं की तुमची जबाबदारी संपली.

अगदीच कुणी मागे लागलं तर घरच्या घरी करायची एक युक्ती आहे. पाच वर्षांवरच्या मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्यायची, दुमडून अर्धी करायची. ती कमरेभोवती पुरली तर साधारण बरं, पुरली नाही तर डॉक्टरांशी बोला. पण हे घरी, दार लावून. सभागृहात दोरी काढलीत तर वजनकाट्याचीच बहीण झाली ती.

आता शिकवायचं काय. माझा अनुभव असा की एका वेळी एकच गोष्ट, आणि ती हातांनी करून बघायची. मी असते तर लेबलं घेतली असती. घरातल्या कोणत्याही पाकिटाचं, बाटलीचं रिकामं वेष्टण प्रत्येकाने घेऊन यायचं. मागच्या बाजूला साखर लिहिलेली असते, बहुतेक १०० ग्रॅम किंवा १०० मिलीला. इथेच घोडं पेंड खातं, कारण लोक तो आकडा अख्ख्या बाटलीचा समजतात. आधी बाटली किती मिलीची ते बघायचं, तेवढ्या पटीने साखर काढायची, मग चारने भागायचं. सपाट चमचाभर साखर सुमारे चार ग्रॅम भरते. नेहमीचं कोलाचं ३३० मिलीचं कॅन घ्या, साधारण ३५ ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास नऊ चमचे. मग ते चमचे मुलांनाच मोजून रिकाम्या पेल्यात टाकायला सांगा. तुम्ही टाकून दाखवू नका. टाकणाऱ्याचा हात सहाव्या चमच्याला थबकतो, ते थबकणंच खरं शिक्षण.

मर्यादा विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं मार्गदर्शन आहे, वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला १५०० कॅलरी खाणारं मूल धरा. १० टक्के म्हणजे १५० कॅलरी, म्हणजे साडेसदतीस ग्रॅम, म्हणजे नऊ चमचे. एका कॅनमध्ये दिवस संपला. आणि अर्धविराम, तुमच्या त्या मध्यंतराबद्दल. त्या हिशेबात मध येतो आणि फळांचा रसही येतो, वरून चिमूटभर साखर घातलेली नसली तरी. अख्खं फळ येत नाही. रस काढताना फळातला चोथा मागे राहतो आणि दोनतीन फळांची साखर दोन घोटांत पोटात जाते. पेलाभर रसाला चारपाच चमचे धरून चाला.

फक्त एक पथ्य पाळा. 'विष', 'घाण', 'वाईट' हे शब्द साखरेला लावू नका. ऐकणाऱ्या मुलाने काल तेच प्यायलेलं असतं आणि ते त्याला त्याच्या आजीने प्रेमाने दिलेलं असतं.

आज्यांवरून आठवलं. आजी-आजोबांना आग्रहाने बोलवा. दुपारचं खाणं कित्येक घरांत त्यांच्याच हातात असतं आणि आपण भाषण ठोकतो आईसमोर. त्यांच्याशी बोलायला मला एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी सांगितलेली कामांची विभागणी फार उपयोगी पडली. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. 'शेवटचा घास माझ्यासाठी' हे बंद. पोट भरल्याचं मुलाला आतून कळत असतं, आपण घासाघासाने ते कळणं बोथट करतो. आणि भाजी एकदा थुंकली म्हणून ती आवडत नाही असा शिक्का मारायचा नाही. नवी चव अंगवळणी पडायला आठदहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. 'भाजी खा मग चॉकलेट देते' या सौद्यात मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

दुसऱ्या वेळी झोपेवर घ्या. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, १३ ते १८ ला ८ ते १० तास झोप लागते. झोप कमी पडली की भूक वाढते आणि वजन वाढण्याशी तिचा संबंध पुन:पुन्हा दिसून आलाय. हा विषय मला आवडतो कारण झोपेची कुणाला लाज वाटत नाही. 'तुमचं मूल किती वाजता झोपतं?' या प्रश्नावर सगळ्या आया सारख्याच वैतागतात, बारीक मुलांच्याही आणि भरलेल्यांच्याही.

उंटावरचे शहाणे, तुमचं बरंचसं खरं आहे. पण फ्रान्समधल्या फ्लर्बे आणि लावांती या दोन गावांचं उदाहरण माहीत असेलच. १९९२ मध्ये शाळेत आहार शिकवण्यापासून सुरुवात झाली. सुरुवातीला जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण वाढतच राहिलं. पुढे दुकानदार, क्लब, डॉक्टर, नगरपालिका असं सगळं गावच हळूहळू त्यात आलं, आणि २००४ मध्ये तिथे हे प्रमाण ८.८ टक्के निघालं, तुलनेच्या गावांत १७.८ टक्के. तुलनेच्या गावांतलं मोजमाप फक्त शेवटी झालं, त्यामुळे हा काही पक्का पुरावा नव्हे, तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण सुरुवात एका वर्गातच झाली होती.

शिट्टी

मुलांना खेळ शिकवतो, त्यामुळे खेळापुरतं बोलतो.

कार्यक्रमात 'थोडा खेळही ठेवू' म्हणून लोक काय ठेवतात, तर बाद होण्याचे खेळ. पकडला गेला की बाहेर बस. पहिल्या मिनिटात बाहेर कोण बसतं? ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज आहे तोच. आणि तो पुढची वीस मिनिटं सगळ्यांसमोर बसून असतो. मी बादच करत नाही. पकडला गेला की तो पकडणाऱ्यांच्या बाजूला जातो आणि त्यांचा हात धरून पळतो. शेवटपर्यंत सगळे पळत असतात आणि कोण पहिला पकडला गेला ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर मध्यम ते जोरदार हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पालक तास ऐकून घाबरतात. सलग नको, दहादहा मिनिटं जोडून चालतं. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका शाळेत २०१२ मध्ये मुख्याध्यापिकेने रोज पंधरा मिनिटं मुलांना बाहेर काढून आपापल्या वेगाने पळायला-चालायला लावलं. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही. तेच पुढे 'डेली माइल' म्हणून कितीतरी देशांत गेलं. त्यातलं 'नंबर नाही' हे महत्त्वाचं.

आणि हो, पालकांनाही पळवा. कडेला उभं राहून 'पळ, पळ' ओरडणाऱ्या बापाला आत ओढलं की पोराला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं.

दोन_पोरांची_आई, तुम्ही चिडलात ते बरं झालं. फलकाची ओळ माझी होती. यमक जुळलं म्हणून खूश होते मी.

आणि एक गोष्ट वर लपवली, ती सांगून टाकते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा. आकडा मोठ्याने वाचणारी 'एक स्वयंसेविका' म्हणजे मीच. आवाज खणखणीत म्हणून मला उभं केलं होतं. तिने क्लिप खाली ठेवली ते मला दिसलं होतं, अगदी समोर, आणि तरी मी वाचला. दशांशासकट.

मोजपट्टीताई, त्या मुलीची आई रस्त्यात भेटते. हसते. मी काय करू? माफी मागू का मुलीची?

मोजपट्टी

आईला एकटीला गाठून सांगा, चूक झाली, पुन्हा होणार नाही. दोन वाक्यांत आटपा, रडूबिडू नका, नाही तर त्या बिचारीलाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. मुलीकडे विषय न्यायचा की नाही ते आईवर सोडा. वर्षभराने एक मोठी बाई येऊन त्याच आकड्याबद्दल बोलायला लागली तर ती तो पुन्हा ऐकेल.

गेल्या वर्षीची वही कुठे आहे? मुलांची नावं आणि वजनं लिहिलेली? ती फाडून टाका.

अर्धविराम

वही खरंच पडून होती. फाडली.

(दोन महिन्यांनी)

कार्यक्रम झाला, म्हणून धागा वर काढतेय.

फलकावर फक्त लिहिलं, 'पाकिटावर बारीक अक्षरात काय लिहिलंय? एक रिकामं पाकीट घेऊन या.' वजनाचा, आरोग्याचा, जागृतीचा उल्लेख नाही. एकतीस मोठी माणसं आली, त्यात सहा आजोबा. ते आले कारण बारीक अक्षर वाचायचं आव्हान त्यांना सोसवेना. शिक्षकांनी भिंगं आणली होती दोन, त्यांच्यासाठी भांडणं झाली.

चारने भागायचा हिशेब मुलांनी आईबापांआधी केला. एका आजोबांनी वाद घातला की त्यांच्या पौष्टिक पावडरीवर घोड्याचं चित्र आहे, त्यात साखर असणारच नाही. नातवाने भिंगातून वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, छपाईची चूक असेल. मग बराच वेळ डबा उलटासुलटा करत बसले. चमचे मोजताना सातव्याला एक मुलगा खरंच थबकला, ताई, अगदी तुम्ही लिहिलंय तसा. पण दुसऱ्याने निष्कर्ष काढला की नऊ चमचे नुसतेच खाल्ले तर बाटलीपेक्षा स्वस्त पडतील. त्याला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. शिवाय साखर उरली ती कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी सभा घेतली.

फसलं तेही सांगते. झोपेचं शेवटी घुसडायचा मोह मला आवरला नाही. एका वेळी एकच गोष्ट हे वाचूनही. दहा मिनिटांत निम्मी माणसं घड्याळ बघायला लागली. ते पुढच्या वेळी वेगळं घेणार. आणि उंटावरचे शहाणे, सभागृहामागच्या जागेत गाड्या लावू नयेत असा अर्ज तिथल्या तिथे लिहून सह्या घेतल्या. मंजूर होईल की नाही देव जाणे, पण सही करायला बाप मंडळी पुढे आली, जी लेबल वाचायला आली नव्हती.

खेळ त्याच मागच्या जागेत घेतला, हात धरून पळायचा. त्या मुलीची आई आली होती. तिच्याशी आधीच बोलले होते, दोन वाक्यांत, रडले नाही. मुलगी आत आलीच नाही, दारातून वजनकाटा कुठे आहे ते बघून बाहेर थांबली. खेळ सुरू झाल्यावर खिडकीतून पाहिलं तर साखळीत होती, मधोमध, दोन्हीकडून हात धरलेले. केस डोळ्यांवर येत होते आणि सारायला हात मोकळा नव्हता, म्हणून मानेनेच झटकत होती.

क्लिप मी आईकडे दिली. तिने पर्समध्ये टाकली, काही बोलली नाही.

उंटावरचा_शहाणा

अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि मिळाल्याचा शिक्का मारून घ्या. खुर्च्या किती मांडल्या होत्या?

अर्धविराम

वीस. बाकीचे उभे होते, म्हणून वेळेत आटपलं.